‘अजून नाही’ म्हणणारा कान

मिरजेच्या सतारमेकर घराण्यांविषयी बोलताना ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा’ हे शब्द लगेच ओठांवर येतात. ते खोटे नाहीत. पण हा वारसा सुरू कुठून झाला हे पाहिलं की थबकायला होतं. ही घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती यांना धार आणि झळाळी देणं हे त्यांचं काम. इंग्रजी अंमल बसला, संस्थानांच्या फौजा शोभेपुरत्या उरल्या आणि धारेला येणारी हत्यारं आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. पुढं तोच धंदा झाला, तेच आडनाव झालं आणि गावातल्या एका गल्लीची ओळखही तीच झाली. ज्या परंपरेचं जतन व्हावं असं आपण आज म्हणतो, तिचा मूळपुरुष स्वतः आपल्या बापजाद्यांचं काम सोडून आलेला होता.

वस्तू बदलली, सामग्री बदलली, हत्यारं बदलली. पोलादाच्या जागी लाकूड आलं. तरीही एका कामातून दुसऱ्या कामात काहीतरी गेलंच असणार. ते काय असावं? मला वाटतं, घासण्यातला विवेक. धार लावणाऱ्याला घासायचं कसं हे चार दिवसांत कळतं. थांबायचं कुठं हे कळायला उमर जाते. एक हात जास्त पडला की पातं गेलं. आणि तानपुऱ्याच्या अंगातलं सगळ्यांत नाजूक काम, जवारी काढण्याचं, हेही शेवटी घासण्याचंच काम आहे. तिथंही प्रश्न एकच असतो: झालं, की अजून नाही?

हस्तकला कशामुळं जगते, या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर या ‘अजून नाही’मध्ये आहे. कला कारागिराच्या हातात असते हे अर्धं खरं. उरलेली अर्धी कला त्या हातातून उतरलेल्या वस्तूकडे पाहून, ती कानाला लावून, अंगावर घेऊन ‘अजून जमलं नाही’ असं अधिकारानं म्हणू शकणाऱ्या माणसात असते. तो माणूस नाहीसा झाला की हात शाबूत असूनही कला संपते.

मिरजेला असा माणूस मिळाला, आणि एक नव्हे, अनेक मिळाले. पटवर्धनांच्या या संस्थानात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी शिकवली. फटाक्यानं डोळे अधू झालेला कुरुंदवाडचा मुलगा उपचारासाठी म्हणून मिरजेला आला आणि बुवांपाशी गाणं शिकत राहिला. तेच पुढं विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि मध्यमवर्गीय घरांतून गाणं शिकण्याची वाट रुंद केली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेला येऊन राहिले. तानपुरा लावण्यातली त्यांची बारकाई त्या काळात ख्यातनाम होती. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, त्यावर त्यांचं पुस्तक १९१० साली आलं, आणि त्या प्रयोगांत खाँसाहेबांचा कान हेच मोजमापाचं साधन होतं. सांगलीत १८४३ साली उभी राहिलेली मराठी रंगभूमी तोवर संगीत नाटकांच्या बहराला पोहोचली होती. अशा मुलुखात वाद्य घडवणाऱ्याच्या दारात जो गिऱ्हाईक म्हणून येई, तो स्वराच्या केसाइतक्या फरकावर वाद घालणारा असे. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात खाँसाहेब वारले, तेव्हा त्यांना मिरजेतच, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, दफन केलं गेलं. तिथं उरुसात दरवर्षी गाण्याच्या बैठका होतात. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांना हा श्रोतृवर्ग वारशातच मिळाला.

तानपुरा तयार होताना किती हात लागतात हे पाहिलं तर ‘कारागीर’ या शब्दाचा एकवचनी वापरच चुकीचा वाटू लागतो. पहिला हात शेतकऱ्याचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत कडू भोपळा लावला जातो. तो खाण्याचा नव्हे. वेलावर पुरता वाढू द्यायचा, जून होऊ द्यायचा, कवच जाड व्हायला हवं, आकार गोल आणि घेर मोठा हवा. त्यासाठी बी निवडून राखायचं, फळ कुजू नये म्हणून त्याचं बूड सांभाळायचं. वाळलेला भोपळा मिरजेत आला की कापून पाण्यात भिजवतात, आतला गर खरवडतात, तोंड हव्या त्या आकारात ताणून पुन्हा वाळवतात. मग तुनीच्या लाकडाचा गळा, पोकळ दांडी, वरची तबली. तबली किती पातळ करायची यावर आवाज ठरतो. जाड राहिली तर मुका, फार पातळ झाली तर तारांच्या ताणानं पुढं बसणारी. सरसाचे सांधे, खुंट्या, नक्षी, चपड्याचं पॉलिश. एकाच घरातही ही कामं वाटलेली असतात.

भीमेकाठच्या शेतातला हा भोपळा मिरजेच्या मुसलमान कारागिराच्या हातून जातो आणि त्यातली काही वाद्यं वीणा होऊन वारकऱ्याच्या खांद्यावर येतात. या देवाणघेवाणीला कुणी सलोख्याचा कार्यक्रम म्हणून आखलं नव्हतं. शेतकऱ्याला भोपळ्याचा भाव हवा होता, कारागिराला काम, कीर्तनकाराला न बेसूर होणारी वीणा. संस्कृतींचं मिलन म्हणून आपण जे भाषणांत मांडतो, ते बहुतेक वेळा अशा गरजेच्या व्यवहारातून, कुणी नाव न देताच घडलेलं असतं. म्हणूनच ते टिकतं.

आता ती जवारी. तारा ज्यावर टेकतात त्या तानपुऱ्याच्या घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो. तो किंचित उतरता, गोलसर असतो. तार छेडली की ती त्या उतारावर सरपटत स्पर्श करते आणि सुटते. तारेखाली एक सुती किंवा रेशमी धागा असतो. तो केसभर मागंपुढं केला की एका ठिकाणी तार अचानक फुलते, तिच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक उलगडतात आणि खोली भरते. भौतिकशास्त्राच्या जुन्या नियमाप्रमाणं, तार ज्या बिंदूवर छेडावी तिथं निश्चल असणारे उपस्वर ऐकू येता कामा नयेत. तानपुऱ्यात आणि वीणेत ते ऐकू येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१च्या सुमारास हे दाखवून दिलं आणि त्याचं श्रेय या वक्र घोडीला दिलं. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम भारतीय घोडीपाशी लागू पडत नाही, हे त्या निबंधाचं तात्पर्य.

रामन यांचा निबंध वाचून मात्र कुणाला जवारी काढता येत नाही. त्यासाठी तार उतरवायची, घोडीवर तारेनं उमटवलेल्या खुणा बघायच्या, कुठं जास्त घासतेय ते ओळखून तिथं कानस फिरवायची, तार पुन्हा चढवायची, धागा लावायचा, ऐकायचं. पुन्हा उतरवायची. काही गायकांना खुली जवारी हवी असते, झणझणीत. काहींना बंद, आत वळलेली. पुरुषांच्या पट्टीला एक, बायकांच्या पट्टीला दुसरी. त्याचं कुठलंही माप लिहून ठेवलेलं नाही, कारण ‘बरोबर’ काय हे घोडीवर ठरतच नाही. ते समोर बसलेल्या गायकाच्या चेहऱ्यावर ठरतं. कारागीर घासतो आणि गायक मान हलवतो, या दोघांच्या मध्ये कुठंतरी ती विद्या असते. एकाच्या मृत्यूनं ती निम्मी मरते.

शिवाय जवारी कायमची नसते. पोलादी आणि पितळी तारा घोडीवर हळूहळू चरे पाडतात, नाद बोथट होतो, वाद्य पुन्हा कारागिराकडं न्यावं लागतं. आजच्या हिशेबानं हा दोष. मला यात परंपरेचं आयुष्य दिसतं. जी वस्तू एकदा विकली की संपली, तिच्या कर्त्याला आपण काय केलं हे पुन्हा कधी कळत नाही. तानपुरा मात्र दोन-चार वर्षांनी घडवणाऱ्याच्या मांडीवर परत येतो. आपल्या हातचा सांधा कसा टिकला, तबली किती बसली, कुठं चुकलं हे सगळं तो वाचतो. दुरुस्तीसाठी आलेलं आजोबांच्या हातचं वाद्य नातवाला आजोबांपेक्षा जास्त शिकवतं. पैठणीला रफू करणारा, जोड्याला तळ बदलून देणारा, भांड्याला कल्हई लावणारा, यांची गणना आपण कलावंतांत करत नाही. पण वस्तू आणि कर्ता यांच्यातला संवाद त्यांनीच चालू ठेवलेला असतो. दुरुस्ती थांबली त्या दिवशी तो संवाद तुटतो.

या जागी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला दूषणं देण्याची रीत आहे. ती मला पुरेशी प्रामाणिक वाटत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आलेल्या या डब्यानं दोन खोल्यांत राहणाऱ्या, एकट्यानं रियाज करणाऱ्या कित्येकांना स्वराचा आधार दिला. आता तो फोनमध्येही आहे. प्रश्न त्याच्या आवाजाचा कमी आणि त्यानं वाचवलेल्या कष्टाचा जास्त आहे. चार तारा जुळवताना विद्यार्थ्याचा कान दररोज थोडा घासला जात असे. पंचम लागला का, जोड एकमेकांत विरली का, खर्जातून गंधार आपोआप उमटतो का, हे ऐकण्यात अर्धा तास जाई आणि त्याच अर्ध्या तासात ‘अजून नाही’ म्हणणारा माणूस घडत असे. बटण दाबणाऱ्याला जुळलेला स्वर मिळतो, जुळवणं मिळत नाही. असा विद्यार्थी उद्या खरा तानपुरा विकत घ्यायला गेला तरी दहांतून कोणता उचलावा हे त्याला कळणार नाही. आणि ज्याला निवडता येत नाही अशा गिऱ्हाइकासाठी कारागिरानं जीव का ओतावा?

जपाननं या प्रश्नाला एक विलक्षण उत्तर दिलेलं आहे. इसे इथलं मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नव्यानं बांधतात. ही रीत सातव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत शंभराहून अधिक वर्षांचा खंड पडला, तरी ती पुन्हा उभी राहिली. २०१३ साली बासष्टावी पुनर्बांधणी झाली, पुढची २०३३ला. इमारतींबरोबर देवाची वस्त्रं, तलवारी, आरसे, धनुष्यं अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्यानं घडवल्या जातात. वीस वर्षांचं अंतर मोठं शहाणपणाचं आहे: विशीतला उमेदवार चाळिशीत मुख्य कारागीर होतो आणि साठीत देखरेखीला बसतो. तीन पिढ्या एकाच कामावर एकाच वेळी हजर असतात. लाकडाचीही तीच दृष्टी. मंदिराच्या स्वतःच्या जंगलात सायप्रस वाढवण्याची दोनशे वर्षांची योजना १९२३ साली हाती घेतली गेली. एका विशिष्ट तलवारीच्या मुठीला तोकी पक्ष्याची पिसं लागतात. हा पक्षी जपानी रानांतून नाहीसा झाला, तेव्हा एका पक्ष्याच्या विनाशानं एक कलाही अडू शकते हे सगळ्यांना दिसलं. आपल्याकडं हस्तिदंताच्या घोड्या १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी बंद केल्या, आणि ते योग्यच झालं. कारागिरांनी हाडावर, शिसवीवर, कृत्रिम पदार्थांवर नव्यानं हात बसवला.

इसेचं उदाहरण भारून टाकतं, पण त्यात एक गोष्ट आपल्याला उसनी घेता येत नाही. तिथं देव हा ठरल्या तिथीला येणारा गिऱ्हाईक आहे. मंदिराला कंटाळा येत नाही, फॅशन बदलत नाही, स्वस्त पर्याय सुचत नाही. जपाननं १९५०च्या सांस्कृतिक वारसा कायद्याखाली निपुण कारागिरांना राष्ट्राचं जिवंत धन मानलं आणि त्यांना शिष्य घडवण्यासाठी दरसाल अनुदान द्यायला सुरुवात केली. हात त्यामुळं वाचतात. मात्र ते हात जे घडवतात ते रोज वापरणारा, आणि वापरून नाक मुरडणारा माणूस कुठल्याही अनुदानानं तयार होत नाही.

साखळी पूर्ण तुटली तर काय होतं, ते ढाक्याच्या मलमलीत दिसतं. मेघनेच्या काठी ‘फुटी कार्पास’ नावाचा कापूस होत असे. त्याचं सूत कातायला हवेत ओल हवी आणि बोटं तरुण हवीत. कंपनी सरकारची पिळवणूक, विलायती गिरण्यांचं सूत आणि राजदरबारांचा ऱ्हास यांत ही मलमल एकोणिसाव्या शतकात संपली. कापसाचं ते झाडही नजरेआड झालं. अलीकडच्या वर्षांत बांगलादेशात ती पुन्हा विणण्याचा नेटानं प्रयत्न झाला. झाडाचा शोध घेतला गेला, लंडनच्या संग्रहालयातली जुनी वस्त्रं पाहिली गेली आणि विणायला बसवले ते जामदानीचे विणकर, कारण मलमलीच्या नात्यातली तेवढीच एक विद्या श्वास घेत होती. यश पुष्कळ आलं. पण विणून झालेलं वस्त्र हातात घेऊन ‘हीच ती’ किंवा ‘छे, ही नव्हे’ असं म्हणायला त्या मलमलीत वावरलेलं कुणीही उरलेलं नाही. निकाल सूक्ष्मदर्शकानं द्यायचा. सूक्ष्मदर्शकाला धाग्यांची संख्या कळते. तलमपणा कळत नाही.

इथवर आल्यावर एक अडचणीचा प्रश्न टाळता येत नाही. परंपरा जगावी असं म्हणणारे आपण कोण? आपली मुलं पुण्याच्या, बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत धाडून सतारमेकराच्या मुलानं मात्र भोपळा खरवडत बसावं, अशी अपेक्षा ठेवण्यात एक क्रूर सोय आहे. आनंद कुमारस्वामींनी १९०९ साली भारतीय कारागिरावर लिहिताना वंशपरंपरेनं चालणाऱ्या व्यवसायात एक आध्यात्मिक स्थैर्य पाहिलं. ते लिखाण आजही सुंदर वाटतं. पण त्यानंतर सहाच वर्षांनी आलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचं जे रूप दिसतं, त्यात स्पर्धा नसल्यानं मंदावलेलं कसबही आहे आणि अडकलेली माणसंही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ती गाठ नेमकी दाखवली: जातिव्यवस्थेत श्रमांची विभागणी झाली एवढंच नाही, श्रमिकच विभागले गेले आणि व्यवसाय जन्मानं गळ्यात पडला. ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, त्याच्या कौशल्याचा गौरव करताना जीभ अडखळायला हवी.

म्हणून फरीदसाहेबांचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी जन्मानं आलेलं काम सोडलं आणि जे घेतलं ते आपखुशीनं घेतलं. परंपरा जिवंत होती याची खूण तीच. आज सतारमेकरांची काही मुलं इतर व्यवसायांत गेली असतील तर ती परंपरेशी बेइमानी नव्हे, पहिल्या पुरुषाचंच अनुकरण आहे. आणि उद्या आडनाव वेगळं असलेलं एखादं पोर, एखादी मुलगी, जवारी शिकायला येऊन बसली तर तिला उंबऱ्यावर अडवणं हीच खरी बेइमानी ठरेल. विद्या रक्तातून जात नाही. ती ऐकत बसण्यातून जाते. आजवर ऐकत बसायची सोय घरातल्याच मुलाला होती, एवढाच रक्ताचा संबंध.

भौगोलिक मानांकनाकडंही याच नजरेनं पाहावं लागतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला ते मिळालं, चांगलं झालं. कोल्हापुरी चपलेला ते २०१९ साली, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून, मिळालं होतं. तरी २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन मंचावर प्राडाच्या सपाता कोल्हापुरी बांधणीत अवतरल्या आणि मूळ कर्त्यांचा उल्लेख नव्हता. ओरड झाली, कंपनीला ऋण मान्य करावं लागलं. मानांकनानं नाव राखलं जातं, भांडायला कागद मिळतो. परंतु कोल्हापुरीचं कातडं पायाला कधी मानवतं, वेणी किती घट्ट हवी, करकर कशानं येते हे सांगणारा पाय कोल्हापुरातच दुर्मीळ होत असेल, तर मिलानशी जिंकलेलं भांडण फार दूर नेत नाही. नाव चोरणारा बाहेरून येतो. कस विसरणारे आपण घरातच असतो.

तेव्हा कारागिराला वाचवा, असं म्हणण्याआधी स्वतःकडं एक मागणी करावी: जाणकार गिऱ्हाईक होण्याची. संगीताच्या वर्गानं परीक्षेत राग विचारावेत तसंच तानपुरा लावून दाखवायलाही सांगावं. सभागृहांनी तानपुऱ्यांच्या दुरुस्तीसाठी दरसाल रक्कम राखावी. जवारीचे पैसे देताना घासाघीस करू नये, पण जवारी मनासारखी होईपर्यंत उठूही नये. हातमागाचं लुगडं घेताना उलटी बाजू पाहावी, काठाचा सांधा चाचपावा, विणकराला प्रश्न विचारावेत आणि उत्तर पटलं नाही तर तसं सांगावं. कौतुक करणाऱ्यांची कारागिराला वाण नसते. त्याच्या कामातलं उणं ज्याला दिसतं, आणि ते दुरुस्त व्हावं म्हणून जो पदरचा वेळ आणि पैसा घालतो, त्याच्यासाठी तो दुसऱ्यांदा तार उतरवतो.